मुनीरेचा डावा हात

मित्रांनो, मी एक जुना तांब्याचा टोप आहे. तुर्कस्तानातल्या तोकात शहराच्या बाजारात एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं. मुनीरे नवरी होऊन या घरी आली, ती मला सोबत घेऊनच. तेव्हापासून गल्लीत कुणाचंही लग्न असो, सकाळचं सूप माझ्यातच शिजायचं. कोकराचं हाडासकट मटण, तांदूळ, दही आणि वरून लोण्यात परतलेला सुका पुदिना. पाहुणे वाडग्यामागून वाडगे रिचवायचे आणि मुनीरेचं कौतुक करायचे. माझं कुणी करत नसे, पण ते चालायचंच.

मागच्या हिवाळ्यात मुनीरेचा उजवा हात लुळा पडला. मग माझी रवानगी कोळशाच्या खोलीत झाली आणि माझ्यात कांदे भरले गेले. कल्हई उडाली, अंग हिरवट पडलं. खरं सांगतो, फार वाईट वाटलं. लग्नाच्या पंगती जेवू घातलेल्या टोपाने कांद्यांची राखण करायची म्हणजे काय?

वसंतात मुनीरेच्या नातीचं, इल्कनूरचं लग्न ठरलं.

"आई, सूप हॉटेलातून मागवू," मुनीरेची लेक बेल्गिन म्हणाली. "तू नुसती बसून राहा."

"माझ्या नातीच्या लग्नात हॉटेलचं सूप? लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

"एका हाताने कसं करशील?"

"हा आहे ना डावा. बडबड पुरे, त्या टोपातले कांदे काढ आधी."

कल्हई होऊन मी घरी आलो तेव्हा आतून चांदीसारखा लखलखत होतो. मुनीरेने त्याच दिवशी सरावासाठी मला चुलीवर चढवलं. मटण शिजलं, तांदूळ मऊ झाले. दही, अंडं आणि पीठ तिने गुडघ्यांत वाडगा धरून घोटलं. पण पुढचं काम दोन हातांचं. एकाने दह्याची बारीक धार सोडायची आणि दुसऱ्याने न थांबता ढवळत राहायचं. ती ओतायची, वाडगा ठेवायची, डाव उचलायची. तेवढ्यात सूप फाटलं. तिने ते कोंबड्यांना घातलं आणि मला घासायला घेतलं. पुढेही तेच झालं. कोंबड्या लठ्ठ झाल्या, मुनीरे मात्र हटली नाही.

बेल्गिन मदतीला आली, तर तिचं लक्ष सारखं फोनकडे. तिच्या हातूनही फाटलंच.

लग्नाची सकाळ उजाडली. अंगणात गल्लीतल्या बायका जमल्या. त्यांत मुनीरेची धाकटी जाऊ सब्रियेही होती. दोघींचा अबोला जुना. मुनीरेच्या मुलाच्या सुंतेच्या जेवणात सब्रियेने चव घेतली आणि दही पडण्याआधीच मूठभर मीठ टाकलं. भर पंगतीत सूप फाटलं. तेव्हापासून मुनीरेने तिला माझ्याजवळ फिरकू दिलं नव्हतं.

माझ्यात मटण आणि तांदूळ रटरटत होते. मुनीरेने डाव्या हातात दह्याचा वाडगा धरला आणि सगळ्या बायकांवरून नजर फिरवली. मला वाटलं, आता ही हट्टाने पुन्हा एकटीच करणार आणि पुन्हा कोंबड्यांचीच चंगळ होणार.

"सब्रिये," ती म्हणाली, "डाव घे. ढवळ."

बायका बाजूला सरकल्या. सब्रियेने बाह्या सरसावल्या.

"एकाच दिशेने हं."

"माहीत आहे, ताई."

"थांबायचं नाही."

"तू ओत तर आधी."

दह्याची धार पडू लागली. डाव माझ्या तळाशी गोल गोल फिरत राहिला. हळूहळू सूप दाट झालं, पांढरंशुभ्र, कुठे एक गुठळी नाही. सब्रियेचा हात मिठाच्या बरणीकडे गेला आणि तिथेच थबकला.

"आता टाकू?"

मुनीरेने उकळी नीट येऊ दिली. "टाक आता," ती म्हणाली, आणि तिने डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने डोळे टिपले.

त्या दिवशी हॉटेलचं नाव कुणी काढलं नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादा टोप अडगळीत पडला असेल. त्याला वेळेवर कल्हई करा आणि चुलीवर चढवा. कांद्यांना साधी टोपली पुरते. मी हल्ली कधी मुनीरेकडे असतो, कधी सब्रियेकडे. शेजारचं भांडं रिकामं परत पाठवायचं नाही, ही आमच्या गल्लीची रीत आहे. म्हणून या दोन घरांमधल्या वाटेवर मी नेहमी भरलेलाच असतो.