ओढीची जोडी

"ओढायचंय की धावायचंय, तेवढं सांग," वस्ताद गाडीखालून म्हणाला. "दोन्ही एकदम नाही मिळत. माणसाला मिळत नाही, तर गाडीला कुठून मिळणार?"

मौनी तेलाच्या डब्यावर बसून होता. समोर त्याची पिकअप, मागची चाकं काढून लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली. मागच्या एक्सलचं पोट उघडं होतं आणि खाली ठेवलेल्या घमेल्यात काळं तेल ठिबकत होतं. त्यातच एक्सलमधल्या जुन्या दातेरी जोडीच्या दातांचा चुरा चमकत होता. महिनाभर चढावर मागून कण्हल्यासारखा आवाज येत होता, तो या दातांचा.

वस्ताद सरपटत बाहेर आला आणि त्याने फळीवरून दोन जोड्या काढून पुढ्यात मांडल्या. प्रत्येक जोडीत एक मोठं दातेरी चक्र आणि एक छोटं. दिसायला सख्ख्या बहिणी.

"ही तुझ्या जुन्यासारखी, ओढीची. चाक एकदा फिरायला हिच्यात इंजिनाकडून येणारा शाफ्ट जवळजवळ पाचदा फिरतो. पळणार नाही, पण भिंतीवर चढेल. आणि ही धावेची. हिच्यात चार वेळासुद्धा नाही. सपाटीला लोण्यासारखी जाईल. पण तुझं इंजिन एवढंसं, चार सिलिंडरचं. भरल्या गाडीनं चढाला लागलास की रडेल. तुझं तर सगळं आयुष्यच चढावर. तेव्हा विचारायचं काय, ओढीचीच बसवतो."

"धावेची बसव," मौनी म्हणाला.

वस्तादाने पान्हा खाली ठेवला. "अरे, कपडे वर कसे नेणार?"

मौनीने उत्तर दिलं नाही. नाव पडलं होतं ते काही उगाच नाही.

खरं तर तो या गावात तीन महिन्यांसाठी आला होता. सपाट मुलखातला माणूस. तिकडे रस्ता सुतासारखा सरळ आणि आभाळ जमिनीला टेकलेलं. डोंगरावर झऱ्याच्या पाण्यावर चालणारी एक लाँड्री होती, तिला ड्रायव्हर हवा होता. खालच्या गावातल्या हॉस्पिटलचे मळके कपडे वर न्यायचे, धुतलेले खाली आणायचे. चादरी, गाऊन, ऑपरेशनची हिरवी कापडं. निम्मी ओली, शिशासारखी जड. तीन महिन्यांत मालकाची मुलगी आवडली, तिलाही हा आवडला. लग्न झालं, तसा ड्रायव्हरचा जावई झाला आणि जावयाचा घरजावई. ड्रायव्हरला नोकरी सोडता येते. घरजावयाला कशी सोडता येणार? तेव्हापासून जगाचा मळ वर चढवायचा आणि पांढरंशुभ्र खाली उतरवायचं, हाच त्याचा दिनक्रम. त्यांना झालेली मुलगी शिकून परगावी नोकरीला लागली, केस पांढरे झाले, पण चढावरची वळणं होती तिथेच होती.

सासरे फाटकापाशी खुर्ची टाकून बसायचे. गाडी आत आली की म्हणायचे, "या जावईबापू! तुम्ही आहात म्हणून हे चाललंय." हे वाक्य त्यांनी प्रेमानेच म्हटलेलं असायचं, आणि दर वेळी मौनीला वाटायचं, कोणीतरी बाहेरून कडी लावली.

त्यात थोरल्या भावाचा फोन आला होता. बंदराच्या हमरस्त्यावर अंडी पोचवायचं काम त्याला मिळालं होतं, पण ते एकट्याला झेपण्यासारखं नव्हतं.

"गाडी घेऊन ये. दोघं मिळून करू. पण तुझी ती बैलगाडी हमरस्त्यावर साठच्या पुढं बोंबलते, तिचं काहीतरी कर."

"बघतो, दादा."

बायकोला सांगायला हवं होतं. सासऱ्यांना तर नक्कीच. रोज रात्री जेवताना तो शब्द जुळवायचा आणि पाण्याच्या घोटाबरोबर गिळून टाकायचा. मग एक्सल गेला, आणि त्याच्या मनात आलं: मला बोलायला जमत नाही, तर गाडीच बोलेल. उद्या ती चढलीच नाही, तर कोणाचा काय दोष? लाँड्रीला दुसरी गाडी लावावी लागेल. मग आपण मोकळे. कुणाचं मन मोडायला नको की डोळ्याला डोळा भिडवायला नको.

जोडी बसल्यावर वस्ताद त्याला शेजारी बसवून हमरस्त्यावर घेऊन गेला. "वेगाच्या काट्यावर जाऊ नकोस, तो आता खोटं बोलणार. साठ दाखवील तेव्हा तू पंच्याहत्तरला असशील." पण मौनी काट्याकडे बघतच नव्हता. इतकी वर्षं कानाशी भांडणारं इंजिन पहिल्यांदाच कुजबुजत होतं. झाडं भराभर मागे जात होती. त्याला आपल्याच छातीतलं काहीतरी सैल झाल्यासारखं वाटलं, आणि वस्तादाला दिसू नये म्हणून तो खिडकीकडे तोंड करून खोकला.

दुसऱ्या दिवशी त्याने हॉस्पिटलमधून नेहमीसारखी गाडी भरली, दाबून. पहिल्या वळणाला पहिला गिअर टाकावा लागला. दुसऱ्याला इंजिन धापा टाकू लागलं. तिसऱ्या, सगळ्यात उभ्या वळणावर ते गचका खाऊन बंद पडलं. पुन्हा सुरू करून क्लच सोडला, तर जळका वास आला आणि गाडी मागेच सरकली. मौनीने चाकांना दगड लावले आणि कठड्यावर बसला. ठरवल्याप्रमाणेच सगळं झालं होतं.

गाडीचा आवाज घरातल्या सगळ्यांच्या ओळखीचा. तो मध्येच तुटल्याचं बायकोने अंगणातून ऐकलं आणि ती उतार उतरत आली, हात साबणाचे, पदर खोचलेला.

"काय झालं हो?"

"चढत नाही. नवीन जोडी... धावेची निघाली."

तिने एकदा गाडीकडे आणि एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग मागचं फळकूट पाडलं आणि गाठोडी उतरवायला लागली.

"अगं, हे काय करतेस?"

"निम्मी इथं ठेवू. निम्मी वर टाकून या, मग ही न्या. त्यात काय एवढं!"

निम्म्या वजनाने गाडी कुरकुरत का होईना, चढली. फाटकापाशी सासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मांडीवर थाप मारली.

"एवढंच ना? मग उद्यापासून दोन खेपा! गाडीला पण आराम. जावईबापू, तुम्ही आहात म्हणून हे चाललंय."

असं झालं. सुटकेसाठी लावलेली जोडी त्याला दिवसातून दोनदा डोंगर चढायला लावू लागली. भावाला तो दोनदा "बघतो" म्हणाला. तिसऱ्यांदा भावानेच सांगितलं, "दुसरा माणूस मिळाला रे. तू आपला सुखी आहेस तिथं, कशाला उगाच!" मौनी "बरं" म्हणाला आणि दुसऱ्या खेपेला निघाला.

हिवाळ्याच्या सुरुवातीला लाँड्रीचा पंप बिघडला, म्हणून वस्ताद वर आला. पंपावर वाकून काम करता करता तो मौनीच्या बायकोला म्हणाला, "वहिनी, ओढीची जोडी अजून माझ्या फळीवर आहे. त्याच दिवशी दोन्ही पुढ्यात ठेवल्या होत्या. यानं हीच मागितली. आता बदलून देतो म्हटलं, तर राहू दे म्हणतो. समजावा की जरा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मौनी निघाला तेव्हा ती शेजारच्या सीटवर येऊन बसली. "मलाही खाली यायचंय."

हॉस्पिटलमध्ये कपडे उतरवले, निम्मी गाठोडी भरली. चौकात मौनीने गाडी डोंगराकडे वळवायला घेतली.

"तिकडं नको," ती म्हणाली. "सरळ घ्या."

सरळ म्हणजे हमरस्ता. मौनीने तिच्याकडे पाहिलं, ती समोर बघत होती. गाडी सरळ निघाली. वरचा गिअर पडला, इंजिन शांत झालं. तिने काच खाली केली, वाऱ्याने तिचे पिकलेले केस विस्कटले.

"छान पळते हो," ती म्हणाली. थोड्या वेळाने, "दादांचं गाव याच रस्त्यावर ना?"

"हो."

"किती वेळ लागतो?"

"असंच गेलं तर दुपारपर्यंत."

"दादांचे फोन त्यासाठीच येत होते ना? मला तोंडानं सांगितलं असतं, तर मी काय आडवी पडले असते?"

मौनीच्या ओठांवर काहीतरी आलं. आलं आणि थांबलं.

"सांगा आता," ती म्हणाली. "मी ऐकतेय."

रस्ता पुढे दूरवर सरळ गेला होता, मध्ये काहीच आड नव्हतं. ती थांबा म्हणत नव्हती, परत चला म्हणत नव्हती. हात मांडीवर ठेवून नुसती बसली होती, धुण्याने सुरकुतलेली बोटं उघडी टाकून. मौनीने वेग कमी केला नाही. एक पेट्रोल पंप गेला, लाकडाची वखार गेली, शेतं सुरू झाली.

मग दुभाजकात एक फट दिसली. गाड्या वळवायची जागा. मागे कोणी नव्हतं, पुढे कोणी नव्हतं. तरी मौनीने परत डोंगराकडे वळायचा इंडिकेटर लावला, आणि तो टिकटिकत राहिला.