पंचाक्षरी पास झाला

"डावीकडे ठिपका पेटला की उजवीकडे बघायचं, काका. ठिपक्याकडे बघायचंच नाही."

पंचाक्षरीनं मशीनवर हनुवटी टेकवली. ठिपका पेटला, नजर झटकन उलट दिशेला. पुन्हा पेटला, पुन्हा उलट दिशेला. लातूरच्या त्या व्यसनमुक्ती केंद्रात बाकी सगळ्यांची नजर ठिपक्यानं ओढून नेली होती. शेजारच्या पलंगावरचा शेषेराव तर मशीनलाच शिवी हासडून आला होता.

"एकदाही चुकला नाहीत!" समुपदेशक बुद्धप्रिया म्हणाली. "ज्याला नजर आवरते, त्याला बहुतेक दारूही आवरते, असं हे मशीन सांगतं."

"म्हंजी मी पास?"

"एकदम पास."

चाकूरला उभं आयुष्य शटर-ग्रिलचं वेल्डिंग केलेला माणूस. काळी काच धरायचा कंटाळा; उजेड पेटला की नजर फिरवायची. संयम-बिंयम काही नाही, डोळे वाचवायची सवय. हे त्याला खुर्चीवरच कळलं होतं. पण चौथीत नापास होऊन शाळा सुटलेल्याला कुणी पास म्हटलं, तर तो कशाला तोंड उघडतोय? उलट वॉर्डभर सांगत सुटला.

"हुशार हायस की!" शेषेराव हसला. "मग हितं कशाला लोळून राहिलास? जा घरी."

दुपारी डॉक्टरांनी तेच सांगितलं. पलंग कमी, माणसं जास्त. निकाल चांगला आलेल्यांनी घरीच गोळ्या घ्यायच्या.

तो बुद्धप्रियाकडे धावला. "म्याडम, ती वेल्डिंगची सवय हाय ओ. मला आवरत न्हाई. ठिवा मला."

"सोडताना सगळेच घाबरतात, काका. तुम्हाला जमेल."

डोळे मोजले. घरी कोण आहे, ते कुणी विचारलं नाही. कुणीच नव्हतं. बायको गीतांजली पोळ्यापासून माहेरी, उमरीला. फोन उचलत नव्हती. का उचलावा? हात मोडला होता यानं तिचा.

दिवस मावळताना तो चाकूरला उतरला. देशीच्या दुकानावरूनच वाट होती. तो जवळजवळ पळतच घरी आला. शेजारची लक्ष्मम्मा दारात तूर निवडत होती.

"लक्ष्मम्मा, मी आत जातो. भाइरून कुलूप घाला. किल्ली तुमच्यापाशी."

"यप्पा! माणूस आत असताना कुलूप? येडा झालास काय रे?"

"घाला. किती बी शिव्या घातल्या तरी सकाळपतुर उघडू नका."

ती सूप बाजूला सारून उठली. तो आत गेला. बाहेर कुलूप खटकन बसलं.

"पाणी हाय का आत?"

"हाय."

"जेवलास?"



ती घरात जाऊन भाकरी घेऊन आली. खिडकीच्या गजांतून ती सरळ जाईना. तिनं दुमडली, आत सरकवली. आतून दोन्ही हात पुढं आले.

"ऊन हाय," ती म्हणाली, "सावकाश खा."