पलीकडच्या जिल्ह्यातले लोक

मेबेथ पिकेटला वादळानं मारलं, असं तुम्ही तुमच्या पत्रकात छापलंत. खोटं आहे ते. तिला तुमच्या पावतीनं मारलं.

त्या दुपारी मी तिच्याच टेबलाशी बसले होते. तळ्याकाठच्या, ट्रेलर लावायच्या तुमच्या तळावर आम्ही नुकतेच येऊन टेकलो होतो. एका जागेवर मेबेथ आणि तिचा नवरा डॉर्विन यांचा ट्रेलर, शेजारी माझा. घरं विकून चाकांवर राहणारी माणसं आम्ही. हिवाळा टेक्सासच्या दक्षिण टोकाला काढायचा आणि एप्रिल लागला की उन्हाळ्याच्या कामाला उत्तरेकडे सरकायचं. वाटेत ओक्लाहोमा येतंच. वादळांच्या त्या दिवसांत तिथलं आभाळ कसं असतं, ते तुम्हाला मी सांगायला नको.

डॉर्विननं जन्मभर शाळेची बस चालवली. अजूनही मुक्काम हलवण्याआधी तो ट्रेलरच्या मागच्या टोकापर्यंत चालत जायचा. एखादं पोर झोपून राहिलं नाही ना, हे बघायची जुनी सवय. मेबेथ गाडीतून ओरडायची, "अरे ए ड्रायव्हर, मी एकटीच आहे! मला उतरवतोस का कुठे?"

"उतरलीस तर माझे मोजे कोण शोधेल?"

असं त्यांचं चालायचं.

नव्या जागी पोचल्यावर पाण्याची नळी जोडायच्याही आधी तो फ्रिजच्या दारावर जिल्ह्याचं नाव लिहायचा. घरात राहणाऱ्याला आपला जिल्हा झोपेतही सांगता येतो. आम्हाला विचारावा लागतो, कारण कालचा वेगळा होता आणि उद्याचा वेगळा असेल. आणि वादळाची सूचना येते ती जिल्ह्याच्या नावानं. हवामानाच्या रेडिओत आपला जिल्हा भरून ठेवला की तो त्याच जिल्ह्यासाठी किंचाळतो. आजूबाजूच्यांची नावं नुसती वाचून दाखवतो. तळ्याच्या त्या खोलगटात फोन मेलेले. होता तो रेडिओच.

मेबेथच्या खुब्याचं हाड गेलेलं होतं. तळावर पक्की जागा एकच, सिमेंटच्या विटांचं न्हाणीघर. तिथवर जायला तिला चाकांचा वॉकर, डॉर्विनचा खांदा आणि भरपूर वेळ लागायचा. म्हणून तर त्या नावाला एवढं महत्त्व.

त्या दिवशी फ्रिजवर 'ब्रॅडक' लिहिलेलं होतं. तुमच्या कचेरीतल्या मुलीनं दिलेल्या पावतीवर सगळ्यात वर, ठळक अक्षरांत तेच होतं.

मेबेथनं बीन्स शिजत ठेवल्या होत्या, मक्याचा पाव ओव्हनमध्ये होता. बाहेर उजेड हिरवट व्हायला लागला. शेवाळी उजेड, तळ्याच्या तळासारखा. वारा साफ पडला होता.

"मला हा रंग आवडत नाही," मेबेथ म्हणाली.

"तुला माझा शर्टही आवडत नाही," डॉर्विन म्हणाला. पण त्यानं रेडिओचा आवाज वाढवला.

रेडिओतला निर्विकार आवाज वाचत होता. सेलर्स जिल्हा. टोर्नेडो जमिनीवर उतरला आहे. सेलर्स जिल्ह्यातल्या लोकांनी ताबडतोब पक्क्या जागेत जावं.

डॉर्विननं फ्रिजकडे बघितलं. मग खिडकीतून तळ्याकडे. "सेलर्स. पलीकडचा असणार. तळ्याच्या त्या बाजूचा."

"जायचं का आपण तरी?" मेबेथनं विचारलं. "न्हाणीघरात?"

"त्या ओल्या फरशीवर बसून तुझा खुबा रात्रभर रडेल. आपलं नाव आलं की उठू. मी आहे ना इथे."

मेबेथनं गॅस बारीक केला. "बिचारी सेलर्सची माणसं. पोराबाळांची असतील."

मग डॉर्विननं टोपी काढली. आम्ही तिघांनी माना खाली घातल्या आणि त्यानं प्रार्थना म्हटली. "देवा, सेलर्स जिल्ह्यातल्या त्या लोकांवर हात ठेव. त्यांना वेळेवर आसरा मिळू दे. जे म्हातारे आहेत, ज्यांना चालवत नाही, त्यांच्यापाशी कोणीतरी असू दे." आम्ही आमेन म्हटलं.

माझे कपडे न्हाणीघराच्याच इमारतीतल्या धुण्याच्या खोलीत यंत्रात फिरत होते. ते काढायला मी गेले. पाव काढेपर्यंत परत ये, असं मेबेथ मागून म्हणाली. केवळ ओल्या चादरींमुळे मी आज हे लिहायला जिवंत आहे. मी त्या खोलीचं दार लावलं आणि मालगाडी अंगावरून जावी तसा आवाज आला. मी यंत्राखाली डोकं घातलं.

बाहेर आले तेव्हा त्यांच्या जागेवर नळाचा खांब उभा होता आणि त्यातून पाणी उडत होतं. ट्रेलर झाडीत उलटा पडला होता. डॉर्विन चिखलात बसला होता, मेबेथचं डोकं त्याच्या मांडीवर. तो तिचे केस सारखे करत होता. माझ्याकडे त्यानं बघितलंही नाही.

मदतीची गाडी आली. वर्दीतला पोलीस धावत उतरला. त्याच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत जिल्ह्याचं नाव होतं. डॉर्विननं ते वाचलं.

"तुम्ही पलीकडून आलात?" त्यानं विचारलं. "तुमच्याकडेच वादळ होतं ना? तुमची माणसं सोडून आमच्याकडे कसे आलात?"

"आजोबा, पलीकडून कुठून? हा सेलर्सच आहे."

"नाही. हा ब्रॅडक."

"ब्रॅडक धरणाच्या त्या बाजूला. कचेरी तिकडे आहे. हा सगळा तळ सेलर्समध्ये येतो." पोरसवदा पोलीस हळू बोलत होता. "तुम्हाला कोणी सांगितलं नाही?"

रेडिओला डॉर्विननं ब्रॅडक सांगितलं होतं. रेडिओ ब्रॅडकसाठी जागा राहिला.

मी तुमच्या कचेरीत गेले. टेबलामागच्या गृहस्थानं मला बसायला सांगितलं नाही. म्हणाला, "बाई, पावतीवर कचेरीचा पत्ता असतो. तळ कोणत्या जिल्ह्यात येतो, याची चौकशी पाहुण्यांनी करायची."

"कोणाकडे करायची?"

"कचेरीत."

"कचेरीनंच तर पावती दिली!"

"मला समजतंय तुमचं दुःख," तो म्हणाला आणि फोन उचलला. फोन वाजलेला नव्हता.

डॉर्विन माझ्याबरोबर आला नाही. तो तुमच्यावर रागावलेलाही नाही, हेच मला सहन होत नाही. माझ्या ट्रेलरच्या पायरीवर बसून तो परत परत तेच म्हणतो, "रेथा, ती विचारत होती, जायचं का. मी नको म्हणालो. प्रार्थना बरोबर माणसांसाठी झाली होती. फक्त उठायचं राहिलं."

मी त्याला सांगते, चूक तुझी नाही. तो मान हलवतो. मी शेजारीण, मी असंच म्हणणार, हे त्याला कळतं. माझ्या तोंडून त्याला ते पटणार नाही. तुमच्या तोंडून पटेल.

म्हणून वकील पाठवू नका, पत्रक पाठवू नका. तुमच्यापैकी एकानं इथे यावं, या पायरीवर त्याच्याशेजारी बसावं. आणि त्याला तोंडावर सांगावं: त्या दुपारी तो कोणत्या जिल्ह्यात बसला होता, हे त्याला कोणी सांगायचं होतं?