लांडग्याच्या पानाची कड

बाइंडरला वाकडी कड दिसली की चैन पडत नाही. पुस्तक असो, वही असो, परवा तर वर्तमानपत्रसुद्धा त्याने कटिंग मशीनखाली घालून आधी चौकोनी केलं आणि मग वाचलं. माझं झेरॉक्सचं दुकान त्याच्या भिंतीला लागून आहे, त्यामुळे या माणसाच्या जमा-खर्चाच्या दोन्ही बाजू मला पाठ आहेत. जमेला त्याचा हात, खर्चाला त्याचं तोंड. शिलाई त्याची बायको करते, जिला सगळी गल्ली वहिनी म्हणते. दुकानाची किल्लीही तिच्याकडेच असते. बाइंडरने आजवर किल्ल्या सांभाळल्या त्या हरवून, फक्त कुलूपवाल्याच्या भल्यासाठी.

तर या वहिनीला मोठ्या ग्रंथालयातून बोलावणं आलं होतं. जुनी पुस्तकं दुरुस्त करायचं काम. हो की नाही ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळवायचं होतं. तिला जायचं होतं, हे तिच्या सुईलाही कळत होतं.

"तिथे हाताने शिवलेली पुस्तकं आहेत हो. इथे काय, हजेरीच्या वह्या."

"आणि इथली शिलाई कोण करणार? हे झेरॉक्सवाले शेठ?"

मी निमूटपणे स्टेपलर शोधू लागलो. नवरा-बायकोच्या भांडणात स्टेपलर फार उपयोगी पडतो.

त्यातच दातांच्या डॉक्टरीणबाईंचं काम टेबलावर आलं. त्यांच्या दवाखान्यात बसणाऱ्यांसाठी एक पत्त्यांचा खेळ ठेवलेला असतो. घाबरलेल्या पेशंटांनी पानांच्या कडा कुरतडून कुरतडून त्यांच्या झिरमिळ्या केल्या होत्या. बाइंडरने सगळी पानं एकगठ्ठा मशीनखाली घेतली आणि चारी बाजूंनी तासून अशी सरळ केली की बघत राहावं. मग नवं खोकं केलं.

आता या दुकानाची एक रीत आहे. कुठलीही वस्तू वापरून पाहिल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची नाही. वही असेल तर दोन ओळी लिहून बघायच्या, अल्बम असेल तर फोटो लावून काढायचा. खेळ असेल तर?

"खेळूनच बघायला हवा," वहिनी म्हणाली. "आणि बघा, मी जिंकले तर उद्या होकार कळवणार. तुम्ही जिंकलात तर नाव नाही काढणार."

"भाऊजी, तुम्ही पंच," असं म्हणून तिने मला स्टुलावर बसवलं.

खेळ दोघांचाच. उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातल्या जुन्या देवांच्या गोष्टीवरचा. एकाने सूर्याची गाडी पळवायची, दुसऱ्याने चंद्राची, आणि दोन्ही गाड्यांच्या मागे एकेक लांडगा लागलेला. पानावर आकडा असेल तितकी घरं पुढे जायचं. पानांसोबतच्या पटाच्या टोकाला इंद्रधनुष्याचा पूल आहे, तिथे आधी पोचेल तो जिंकला. मात्र लांडग्याचं पान पडलं की लांडगा एका उडीत गाडी गिळतो आणि खेळ खलास. डॉक्टरीणबाईंनी तोंडी एवढंच सांगितलं होतं.

"एका लांडग्याचं नाव 'हाती' आहे म्हणे," मी म्हणालो.

"मग हत्तीला काय म्हणतात तिकडे, लांडगा?" बाइंडर म्हणाला. "सूर्य माझा. दुकान माझं, सूर्य माझा."

"घ्या. चंद्राला कोणी विचारतंच कधी?"

बाइंडर भराभर पुढे गेला. वहिनी मागे राहिली. चेहरा असा की जणू सुतात गाठ बसलीय. त्याची गाडी पुलाच्या अलीकडच्या घरात पोचली आणि तिने खाडकन लांडगा टाकला. त्या दिवसाचा पहिलाच.

"गिळला तुमचा सूर्य!"

"माझा कसा? हा चंद्रामागचा लांडगा आहे. तूच टाकलास, तुलाच खाल्लं."

"मी माझ्याच गाडीवर लांडगा कशाला सोडेन?"

"शेठ, सांगा. कुठला लांडगा हा?"

मी पान उलटसुलट केलं. इतर लांडगे काढून शेजारी ठेवले. सगळ्यांचे तेच कान, तेच दात. मी म्हणालो, "दोघंही जिंकलात." दोघांनीही माझ्याकडे असं पाहिलं की मी स्टूल थोडं मागे सरकवलं.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. खोकं उघडून खूश झाल्या, मग लांडगे हातात घेतले आणि कडांवरून बोट फिरवलं.

"अहो, यांच्या कडा कुठे गेल्या?"

"सरळ केल्या."

"प्रत्येकाच्या एका कडेला बारीक रंग होता. लाल कडेचा लांडगा सूर्यामागचा, निळ्या कडेचा चंद्रामागचा. कोणीही टाकला तरी तो आपल्याच गाडीवर जातो. म्हणून तर जपून टाकायचा असतो."

बाइंडरचा चेहरा पहिल्यांदाच वाकडा कापल्यासारखा दिसला.

मशीनखालची कात्रणांची पेटी जमिनीवर उपडी झाली. वहिनी गुडघ्यांवर बसून दोऱ्याएवढ्या पट्ट्या निवडू लागली, कुरतडलेला भाग पानाशी जुळवू लागली. लांडगे पाच होते. मुळात सहा, पण एक भूल उतरायच्या आत कुणा पेशंटबरोबर घरी गेला होता, आणि त्याचा रंग डॉक्टरीणबाईंना आठवत नव्हता. चार पट्ट्या जुळल्या, दोन लाल, दोन निळ्या. पाचवी सापडेना. आणि पाचवा लांडगा तोच, वहिनीने टाकलेला.

लाल असेल तर तिने सूर्य गिळला, ती जिंकली. निळा असेल तर आपलाच चंद्र.

"कुठलाही लावा हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पेशंटला काय कळतंय!"

त्यांना काय कल्पना, तिथे कशाचं काय अडलंय ते! वहिनीने ब्रश घेतला, दोन्ही रंगांच्या बाटल्या उघडल्या आणि हात तसाच अधांतरी राहिला.

"मला नाही ठरवता येत," ती म्हणाली. "खोटं जिंकून कसं जाऊ?"

आणि मला ती दिसली. पाचवी पट्टी. बाइंडरच्या कोपराला खळीने चिकटलेली, चांगली निळी. मी तोंड उघडणार तोच त्याने माझ्या नजरेचा माग काढत कोपर वळवून पाहिलं. अर्ध्या दोऱ्याच्या फरकासाठी गिऱ्हाइकाशी तासभर वाद घालणारा हा माणूस. त्याने ती पट्टी सोलली, बोटांत चुरगाळून गोळी केली आणि खिशात टाकली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"लाल होती," तो म्हणाला. "मी कापताना पाहिली होती. आता आठवलं."

"नक्की?"

"कडेच्या बाबतीत मी कधी चुकलोय?"

लाल बाटली त्याने तिच्याकडे सरकवली. तिने एका दमात रेघ ओढली. सरळ आली.

हा माणूस जमेला लिहायचा की खर्चाला, ते मला अजून कळलेलं नाही. डॉक्टरीणबाई खोकं घेऊन गेल्यावर तो झाडू शोधत असल्यासारखा दुकानभर फिरला. झाडू समोरच होता.

"अगं," शेवटी तो म्हणाला, "सकाळी जाताना किल्ली माझ्याकडे देऊन जा."

"हरवाल."

"मग एक जास्तीची करून शेठकडे ठेव."