तीन ठोके

चौथ्या दिवशीही गळाला लावलेलं गुराचं फुप्फुस तसंच लटकत होतं. रॉयस टिलिसनं ते काठीनं ओढून घेतलं, एकदा हुंगलं आणि बादलीत टाकलं. फ्लोरिडातल्या जुलैच्या उन्हानं ते हिरवट पडलं होतं.

"पोट भरलेलं आहे तिचं," तो म्हणाला. "मगर भुकेली असती तर पहिल्याच रात्री गिळलं असतं. इथं कोण खायला घालतं तिला?"

तळ्याच्या काठावर सात-आठ जण उभे होते. सगळे याच वसाहतीतले, सगळे निवृत्त. रॉयस सरकारच्या वतीनं मगरी पकडायचा. त्याच्या प्रश्नावर सगळ्यांनी एकदम गेरहार्टकडे पाहिलं. गेरहार्टला इथं राहायला येऊन दोन वर्षं झाली होती, पण सगळ्यांसाठी तो अजून बाहेरचा, ओहायोवालाच होता.

"माझ्याकडे काय बघताय?"

"डिसेंबरात तू मार्शमॅलोच्या गोड गोळ्या फेकत होतास," बक प्रिजन म्हणाला. "या डोळ्यांनी पाहिलंय."

"बदकांना, बाबा! बदकांना!"

"हो, आणि मगरीनं विचारलं असेल, माफ करा, ही बदकांची पंगत आहे का?"

दोघं-तिघं हसले आणि लगेच गप्प झाले. पन्नास पावलांवर इमोजीनचं घर बंद होतं. पायरीवर तिच्या रबरी चपला तशाच पडल्या होत्या.

मागच्या रांगेत व्हर्लीन मोबली हाताची घडी घालून उभी होती. ती हसली नाही.

पाच दिवसांपूर्वी, दिवस मावळताना, इमोजीन काठावरच्या मासे कापायच्या टेबलापाशी आमिषाची बादली धूत होती. बादलीच्या तळाला कोळंबीची साल चिकटली होती. ती सुटावी म्हणून तिनं बादली उपडी करून टेबलाच्या फळीवर आपटली आणि मग खंगाळायला वाकली. मगर पाण्यातून सरळ वर आली आणि तिनं इमोजीनचा उजवा हात कोपराखाली धरला. बकनं वल्ह्यानं मगरीच्या तोंडावर मारून इमोजीनला मागं ओढलं. बाईचा जीव वाचला, हात गेला.

"काही कारण नसताना," सगळे म्हणत होते. "ती बिचारी नुसती बादली धूत होती."

व्हर्लीन तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीत ताटल्या पुसत होती. किंकाळी तिनं सगळ्यांसारखीच ऐकली. पण त्याआधी तिनं बादलीचे ठोके ऐकले होते. एक, दोन, तीन.

तिचा नवरा हॉइट त्या टेबलावर एकोणीस वर्षं मासे साफ करत होता. शेजारीच सरकारी पाटी होती, मगरींना खायला घालणं हा गुन्हा आहे असं सांगणारी. हॉइट तिच्यावर टोपी अडकवायचा. मासे कापून झाले की सुरीची मूठ फळीवर तीनदा ठोकायचा, आणि डोकी, आतडी पाण्यात भिरकावायचा. काही वर्षांनी ठोक्यांना उत्तर यायला लागलं. पलीकडच्या वेतांतून दोन डोळे निघायचे आणि सावकाश, न वळता, काठाकडे यायचे. चर्चमध्ये दानाचं ताट घेऊन रांगारांगांतून फिरणारा डीकन असाच चालतो, म्हणून हॉइटनं त्या मगरीचं नाव डीकन ठेवलं.

हॉइट जाऊन आता दीड वर्ष झालं होतं. दफनाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी व्हर्लीन लोकांनी आणून दिलेल्या तळलेल्या कोंबडीचं उरलंसुरलं घेऊन टेबलापाशी गेली. तिनं सुरीची मूठ तीनदा ठोकली. डोळे निघाले आणि आले. त्यानंतर ती रोज जात होती, सगळे आत टीव्हीसमोर बसले असताना. त्या आवाजाचा अर्थ अजून कुणाला तरी कळत होता. तिला एवढंच हवं होतं.

तिनं सत्तावीस वर्षं शाळेची बस चालवली होती. हात खिडकीबाहेर काढू नका, हे वाक्य तिनं आयुष्यात किती वेळा म्हटलं असेल याची गणती नव्हती.

लोक पांगले. रॉयस आपल्या गाडीत दोऱ्या भरत होता. व्हर्लीन गोड चहाचा पेला घेऊन त्याच्याकडे गेली.

"पकडल्यावर त्याला कुठं सोडणार तुम्ही?"

"थँक्यू, मिस व्हर्लीन." त्यानं अर्धा पेला एका दमात संपवला. "सोडत नाही आम्ही. चार फुटांच्या वरची असली की मारावीच लागते. वीस मैलांवर नेऊन सोडली तरी ओढे-नाले करत परत येते. आणि माणूस दिसला की अन्न आलं, हे एकदा तिच्या डोक्यात बसलं की ते निघत नाही."

"आणि नाही सापडली तर?"

"तर पुढच्या वेळी हातावर भागणार नाही. शनिवारी त्या बक प्रिजनची नातवंडं येणार आहेत म्हणे पोहायला."

व्हर्लीननं त्याच्या हातातून रिकामा पेला घेतला. आत बर्फ वाजला.

"गेरहार्टनं नाही घातलं खायला," ती म्हणाली.

रॉयसनं हातातली दोरी खाली ठेवली.

"हॉइटनं घातलं. आणि नंतर मी. काल-परवापर्यंत मी."

"या पाच दिवसांत?"

"इमोजीनच्या दुसऱ्या दिवशीही गेले होते. वाटलं, भूक भागली तर दुसऱ्या कुणाला…" तिनं वाक्य सोडून दिलं. "मूर्खपणा आहे, मला माहीत आहे."

"म्हणून माझ्या गळाकडे ढुंकून पाहिलं नाही तिनं." तो रागावला नव्हता, नुसता हिशेब जुळवत होता. "बोलावता कसं तिला?"

"फळीवर तीन ठोके."

रॉयसनं टेबलाकडे पाहिलं, मग इमोजीनच्या घराकडे. त्या संध्याकाळचे सगळ्यांचे जबाब त्यानं स्वतःच लिहून घेतले होते.

"बादली," तो म्हणाला.

"हो. बादली."

रॉयसनं खिशातून वही काढली.

"हे मला कागदावर लिहावं लागेल, मिस व्हर्लीन."

"लिहा."

"आणि संध्याकाळी तुम्हालाच ठोकावं लागेल. मी ठोकलं तर तिला फरक कळेलही. सांगता येत नाही."

"मी येईन," ती म्हणाली. "पण आधी एक काम आहे."

ती थेट बकच्या ओट्यावर गेली. तिथं तिघं-चौघं बसून गेरहार्टला वसाहतीतून काढता येईल का, यावर बोलत होते. गेरहार्ट रस्त्यापलीकडे आपल्या झाडांना पाणी घालत होता आणि ऐकू येत नसल्यासारखं करत होता. व्हर्लीननं त्याला हाक मारली. तो आल्यावर, सगळ्यांसमोर, ती म्हणाली, "मगरीला खायला मी घालत होते. तुम्ही नाही. मी चार दिवस ऐकून घेतलं आणि तुमच्यावर येऊ दिलं."

बक आपल्या बुटांकडे बघायला लागला.

"मी बदकांनाच घालत होतो," गेरहार्ट हळूच म्हणाला, आणि पाण्याची नळी बंद करायला परत गेला.

संध्याकाळी काठ मोकळा ठेवला होता. रॉयस टेबलामागे, दोरी बांधलेला भाला घेऊन उभा राहिला. व्हर्लीनच्या हातात हॉइटची सुरी होती. तिची मूठ एका बाजूनं झिजून सपाट झाली होती.

"ठोकलं की लगेच माझ्या मागं या," रॉयस म्हणाला. "बघायला थांबू नका."

तिनं ठोकलं. एक, दोन, तीन.

वेतांतून डोळे निघाले. तळं इतकं शांत होतं की मागं उमटणारी रेघ शेवटपर्यंत दिसत होती. तो कुठं थबकला नाही, बाजूला वळला नाही. रोजच्यासारखा आला. व्हर्लीन मागं सरली, पण तिनं डोळे मिटले नाहीत. भाला बसला तेव्हा पाणी तिच्या घोट्यांपर्यंत उडालं.

पुढची वीस मिनिटं दोरी आणि माणसं यांची होती. बक आला, आणि न बोलावता गेरहार्टही आला. दोघांनी एकच दोरी ओढली. जबड्याला काळी चिकटपट्टी गुंडाळून झाल्यावर रॉयस म्हणाला, "आता सगळे मागं व्हा." गोळीचा आवाज फार मोठा झाला नाही.

"अकरा फूट दोन इंच," मोजपट्टी गुंडाळत तो म्हणाला.

व्हर्लीननं बागेच्या नळीनं टेबल धुतलं. पाटीही धुतली. हॉइटच्या टोपीचा गोल डाग तिच्या एका कोपऱ्यावर तसाच राहिला.

अकरा दिवसांनी इमोजीनला दवाखान्यातून घरी आणलं. इतक्या दिवसांत तिची मुलगी सोडून कुणालाच भेटू दिलं नव्हतं. व्हर्लीननं ओट्यावर जे सांगितलं ते तिच्यापर्यंत पोचलं होतं की नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बक म्हणाला होता, "मी नाही सांगितलं. ते तुझंच काम आहे."

व्हर्लीननं कोंबडीचा रस्सा आणि त्यात शिजवलेले पिठाचे गोळे केले. एका हातानं खाता यावं म्हणून कोंबडीचे बारीक तुकडे घरीच करून टाकले. झाकलेलं भांडं घेऊन ती इमोजीनच्या पायऱ्या चढली, ते डाव्या कुशीत धरलं आणि उजव्या हाताची मूठ दारापर्यंत नेली. इतकी वर्षं ती याच दारावर तीनदा ठोकत आली होती.

तिनं हात खाली घेतला.

"इमोजीन," तिनं हाक मारली. "मी आहे गं."

"अगं दार उघडंच आहे, ये ना." आवाज बारीक झाला होता, पण तोच होता. "आज ठोकलं नाहीस ते? मला वाटलं कुणी परकं आलं."

"तेच सांगायला आलेय."

"मग आत येऊन सांग. मला उठून दारापर्यंत यायला लावू नकोस, बाई."

"नाही. तू बस तिथंच आणि आधी ऐक. मग मला आत घ्यायचं की नाही ते ठरव."

आत खुर्ची करकरली आणि थांबली. व्हर्लीन जाळीच्या दाराबाहेर उभी राहून बोलायला लागली. भांडं चांगलंच गरम होतं. तिनं ते खाली ठेवलं नाही.