जुना पार्ट दाखवा, म्याडम

दारव्ह्यातल्या रहमतभाईच्या टू-व्हीलर गॅरेजचा एक कायदा होता. गाडीतून जो पार्ट काढला, तो गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. घासलेली क्लचप्लेट असो की जळकी कॉइल, कागदात गुंडाळून द्यायची म्हणजे द्यायची. पार्ट दाखवला नाही, तर मिस्त्रीनं नुसता पाना फिरवून आपल्याला बनवलं, असं गिऱ्हाईक धरून चालतं. तरुणपणी रहमतनं स्वतःच दोन-चार जणांना तसं बनवलं होतं. त्यामुळे जगात सगळे तेच करतात, याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

म्हणून नागपूरच्या दवाखान्यात भूल उतरल्या उतरल्या तो डॉक्टर सुमेधा दाणींना म्हणाला, "म्याडम, जुना पार्ट दाखवा."

झालं होतं असं, की दारव्ह्याजवळ जीप कलंडली आणि त्याच्या उजव्या दंडाचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण मनगट उचलणारी नस तुटली ती तुटलीच. बोटं मिटायची, पण पंजा खाली लोंबायचा. लोंबत्या पंजात पाना टिकत नाही, आणि पाना टिकला नाही तर मिस्त्री कसला? पाच महिने वाट पाहून ऑपरेशन केलं होतं.

डॉक्टर हसल्या. "काढलं काहीच नाही, रहमतभाई. बोटं मिटवणाऱ्या नसेला जास्तीच्या फांद्या असतात. त्यातली एक मनगट उचलणाऱ्या स्नायूला जोडली. आता मूठ आवळली, की मनगट वर यायला हवं. सहा-सात महिने लागतील. तोवर रोज मूठ आवळत राहायची."

काहीच काढलं नाही! कोपराखाली वीतभर टाके आणि म्हणे काही काढलं नाही. उलट चांगल्या नसेची फांदी कापली. चालू गाडीची वायर तोडून बंद गाडीला जोडायची कला रहमतला ठाऊक होती. त्यात बहुतेक वेळा दोन्ही गाड्या बंद पडतात.

आणि ती कसरत? "मनगट उचलाचं, तर मूठ कायले आवळाची?" तो बायकोला, मेहनाजला विचारायचा. "मूठ तं पयलेपासूनच आवळते! जे चालू आहे तेच चालवून दाखवाचं अन् म्हणाचं, पाहा सुधारलं."

"डॉक्टरपेक्षा तुमालेच जास्त समजते काय?" मेहनाज म्हणायची. मग ती समोर असेपर्यंत तो मूठ आवळायचा आणि ती चुलीकडे वळली की हात मांडीवर टाकून द्यायचा. सात महिने असेच गेले. मनगट ढिम्म हललं नाही.

संशयाला एकदा घर मिळालं की तो पाय पसरतो. आता रहमतची नजर सध्या गॅरेज सांभाळणाऱ्या धाकट्या भावावर, फिरोजवर गेली. नागपूरच्या त्या डॉक्टरांचं नाव कोणी आणलं? फिरोजनं. ऑपरेशनच्या कागदावर रहमतच्या सहीखाली सही कोणाची? फिरोजची. आणि हात गेला तर गॅरेज कोणाचं? हे मनात आलं त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

बाजाराच्या दिवशी भर दुपारी तो न सांगता गॅरेजात गेला. फिरोज पाठमोरा उभा राहून फोनवर बोलत होता. "नाही म्याडम, भाईले काईच मालूम नाही. मी सांगून नाही राह्यलो. घरी कोणालेच नाही सांगतलं."

रहमतच्या डोक्यात रक्त चढलं. "काय नाही सांगून राह्यला बे?" म्हणत त्यानं उजव्या हातानंच फिरोजची कॉलर धरली. लोंबता पंजा, पण रागानं मूठ अशी आवळली, की वरचं बटण तुटून पडलं. "गॅरेज पाह्यजे तुले? म्हणून हात कापून आणला माहा?"

फिरोजनं हात सोडवला नाही. तो रहमतच्या तोंडाकडे पाहतही नव्हता. आपल्या कॉलरवरच्या त्या मुठीकडे डोळे लावून तो म्हणाला, "भाई, सोडू नको. आवळ. अजून आवळ."

रहमतनं खाली पाहिलं. मनगट वर आलं होतं. सरळ नाही, दोन बोटंभर. त्यानं मूठ सैल केली, तसं ते खाली गेलं. पुन्हा आवळली, पुन्हा वर आलं.

"काय लपवत होता?" त्यानं विचारलं, पण आवाजात जोर राहिला नव्हता.

"अजून दोन महिन्यात हाललं नाही, तं नसेची आशा सोडा म्हणे म्याडम. तुले कसं सांगू? तू कसरतच सोडली असती."

सोडली असती! धरली तरी कधी होती? रहमतला भावाकडे पाहवेना. सात महिने बायकोला फसवलं, त्यात फसला फक्त आपला हात. त्यानं डावा हात पुढे करून फोन घेतला. पलीकडे डॉक्टर "हॅलो, हॅलो" करत होत्या.

"म्याडम, रहमत बोलून राह्यलो," तो म्हणाला. "मूठ दिवसातून किती वेळा आवळाची म्हणलं होतं तुमी?"