हॉलमधल्या चपला

आमच्या मालकांची, केसरीनाथांची मयत या हॉलमधून निघाली, तेव्हासुद्धा चप्पल घालून कोणी आत आलं नव्हतं. यंदा टीव्ही आला आणि घरातली माणसं रबरी चपला घालून देवासमोरून फिरायला लागली.

टीव्ही घ्यायला मी स्वतः गेले होते. मी दुसरी शिकलेली, पण राहनाळचं घर माझ्या नावावर आहे. भिंतीला काय लागणार ते मी बघणार. दुकानातला दीपेश माझ्या धाकट्या मुलाला, कुणालला सांगत होता, गेमसाठी एकशे वीस हर्ट्झचा घ्या, चित्र अडकत नाही. थोरल्या मनोजला सांगत होता, पिक्चर बघायचा तर काळा रंग खरा काळा दिसला पाहिजे.

मी म्हटलं, "त्या बाईचं तोंड निळं का दिसतंय रे? मेली हाय का?"

त्यानं मुकाट्यानं दुसरा लावून दाखवला. तोच घेतला. भिंतीएवढा.

जोडायला दीपेशच आला. टीव्हीखालच्या लाकडी कपाटावर होम थिएटरचा लोखंडी डबा, शेजारी कुणालचा गेमचा डबा, चारी कोपऱ्यांत स्पीकर. त्या लोखंडी डब्याला लावलेली एचडीएमआयची एक वायर कपाटावरून मोकळीच लोंबत ठेवली, कुणालचे मित्र लॅपटॉप आणतात ते जोडायला. खिडक्यांना जाड काळे पडदे लागले. भर दुपारी घरात अवस.

दुसऱ्या दिवशी ओलं फडकं घेऊन तो लोखंडी डबा पुसायला गेले तर बोटांना मुंग्या आल्या. पायात काही नव्हतं. कुणालला सांगितलं, तर म्हणाला, "आये, मोठ्या टीव्हीला तेवढं असतं." दीपेशला फोन लावला. तो म्हणाला, रबराची चप्पल घाला, काही लागणार नाही. झालं. चपला हॉलमध्ये आल्या.

पण मला त्या मुंग्या ओळखीच्या होत्या. मागच्या शेडमध्ये आमचे कापड विणायचे लूम होते, तेव्हा मालकांनी अंगणात अर्थिंगचा खड्डा खणला होता, मीठ-कोळसा भरून. यंत्रातली चुकार वीज त्यातून भुईत उतरते, माणसाला धरत नाही, असं ते सांगायचे. खड्डा सुकला की मात्र उपयोग नाही. म्हणून उन्हाळाभर मी तुळशीला तांब्याभर आणि त्याला बादलीभर पाणी घालायची. लूम भंगारात गेले, मालक गेले, तरी घालत राहिले. गेल्या दिवाळीनंतर मनोजनं गाड्या लावायला सगळं अंगण उकरून पेव्हर ब्लॉक बसवले. खड्डा कुठे होता तेही आता दिसत नाही. आतली तांब्याची पट्टी राहिली की मजुरांनी उपटून विकली, देव जाणे.

मनोजला म्हटलं, "अंगण फोड."

"नवीन अंगण? आये, काय बोलतेस?"

"त्या डब्यात वीज उतरतेय. गिझर चालू असला की जास्त चावते."

"गिझरचा नि टीव्हीचा काय संबंध?"

"तुझा नि तुझ्या सासऱ्याचा काय संबंध होता? एका पोरीनं जोडलं ना? तसं ते वायरीनं जोडलेलं हाय."

तो हसला. "मृणालीचा वाढदिवस होऊ दे. मग वायरमन बोलावतो. पाहुणे यायच्या टायमाला अंगणात खड्डा नको."

मृणाली त्याची मुलगी. वर्षाची होत आलेली. रांगते, कपाटाला धरून उभी राहते आणि हाताला लागेल ते तोंडात घालते. एका सकाळी, गिझर चालू असताना, ती लोंबत्या वायरचं लोखंडी टोक चोखायला निघाली होती. मी अशी ओढली की पोर रडून काळंनिळं झालं. सून निशा धावत आली.

"आई, केवढ्यानं ओढलंत तिला!"

"तुमच्या चपला हिच्या पायात बसतात का? न्हाय ना? मग गप बस."

त्या दिवसापासून मी पोरीला कडेवरून खाली सोडलं नाही. खांदे भरून यायचे. निशाला वाटायचं, म्हातारी लेकरावर हक्क सांगते. वाटू दे.

वाढदिवसाला संध्याकाळी निशाचे वडील, हिरामण व्याही, अंबाडीहून सगळ्यांच्या आधी आले. निशानं फरशी नुकतीच पुसून घेतली होती आणि लोक काय म्हणतील म्हणून चपला गोळा करून बाहेर टाकल्या होत्या. फक्त मनोजच्या पायात राहिल्या, तो वायरी बघत होता. व्याही जुना माणूस. अंगणातल्या नळावर पाय धुतले आणि ओल्या पायांनी उंबरठ्याशी आले. बाप दमून आलाय म्हणून निशानं आंघोळीसाठी गिझर लावला. त्याचा लाल दिवा मला दारातून दिसत होता. मृणाली माझ्या कडेवरून आजोबांकडे झेप घेत होती.

"या मामा," मनोज आतून म्हणाला. "ह्या डब्यावर हात ठेवून बघा, आवाज कसा धडधडतो ते."

व्याह्यांनी पाय उचलला.

"चप्पल घालून या, व्याही," मी म्हटलं. "न्हाय तर आत येऊ नका."

ते थांबले. "मी पाय धुतलेत, विहीणबाई."

"म्हणूनच सांगते."

"माझी पोर करून आणलीत तेव्हा हेच पाय चालले तुम्हाला."

व्याह्यासमोर मी कधी मान खाली घातली नव्हती. त्या दिवशी घातली. मृणाली त्यांच्या हातात दिली, दाराबाहेर. "नातीला घ्या नि बाहेरच थांबा. मला काय बोलायचं ते बोला, पण आत येऊ नका."

"चल गं निशा," ते म्हणाले. "इथं आपल्याला जागा न्हाय."

निशा पदर तोंडाला लावून माझ्याकडे न बघता बाहेर पडली. मृणाली उंबरठ्यापलीकडे आहे, एवढंच मी बघितलं.

"झालं तुझं समाधान?" मनोज म्हणाला. त्यानं एक चप्पल पायानं उडवली, मग दुसरी, आणि अनवाणी डब्याकडे वळला. फरशी अजून ओलसर होती. "आता बघ, आये. त्यांच्यासमोर बघ काय होतं ते."

मेन स्विच दाराशेजारी. मालकांच्या वेळचा, लोखंडी दांड्याचा, गंजून घट्ट बसलेला. मी दोन्ही हातांनी ओढला. हलला नाही. अंगाचा सगळा भार टाकला.

चित्र गेलं, आवाज गेला, दिवे गेले. त्या पडद्यांमुळे हॉलमध्ये माझा मला हात दिसेना. त्यानं डब्याला हात आधी लावला की दांडा आधी पडला, मला कळलं नाही.

"मन्या, बोल."

मी दांडा धरून अंधारात कान लावला.

"शिव्या दे मला, पण बोल."

बाहेर व्याही काहीतरी विचारत होते. कुणाल माडीवरून मोबाईलचा उजेड घेऊन धावत आला. त्या उजेडात मनोज कपाटाशी खाली बसलेला दिसला, तोंड उघडं, उजवा हात मांडीवर पडलेला.

"आये," तो हळू म्हणाला, "हात माझा हाय का गं? मला लागत न्हाय."

"लाइट लावतो," म्हणत कुणाल माझ्याकडे वळला.

"गाडी काढ," मी म्हटलं. "भावाला दवाखान्यात ने. व्याह्यांना सोबत घे."

त्यांनी त्याला दोन्ही बाजूंनी धरून नेलं. गाडी गेली. मी दांड्यावरचे हात काढले नाहीत.